बंद, दाजी

१

कामावर आल्याआल्या लुदविक आधी पंखा हाताने फिरवायचा. इंजिन गोल बांधणीचं होतं, मधल्या कण्याभोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे नऊ सिलिंडर. ते रात्रभर थंड पडलं की तेल ठिबकत ठिबकत तळाच्या सिलिंडरांत उतरून बसायचं. तशातच स्टार्टर मारला तर आतला दांडा वाकायचा आणि महिन्याभराच्या कामाचं भंगार व्हायचं. म्हणून लाकडी पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरून सावकाश ओढायचं, तेल बाहेर पडेपर्यंत. काम कंटाळवाणं होतं, पण लुदविकला आवडायचं. इंजिनाचा स्वभाव आधी हातांना कळतो, असं त्याचं मत होतं.

पात्याला हात लावण्यापूर्वी तो ओरडायचा, "बंद?"

मग काचेपलीकडच्या केबिनमधून म्हातारा ओटो ओरडायचा, "बंद!"

ही पेट्रोलच्या इंजिनांची जुनी रीत. त्यात ठिणगीचं बटण असतं, आणि ते चुकून चालू राहिलं तर पंखा फिरवणाऱ्याचे हात जातात. लुदविकने सगळं आयुष्य असल्या इंजिनांवर काढलं होतं. डेट्रॉईटच्या ह्या कारखान्यात मात्र विमानासाठी डिझेलचं इंजिन बनत होतं. ह्यात हवाच इतकी दाबायची की ती तापते आणि तेल आपसूक पेटतं. ठिणगी नाही, म्हणून बटण नाही, म्हणजे बंद करण्यासारखं काही नाहीच. हॉल्डनसाहेब, ज्यांच्या डोक्यातून हे इंजिन निघालं होतं, ते त्याची नेहमी फिरकी घ्यायचे.

"लुदविक, तू रोज नक्की काय बंद आहे का म्हणून विचारतोस रे?"

"मलाही माहीत नाही साहेब. पण उत्तर आल्याशिवाय हात पुढे जात नाही."

ऑक्टोबरातल्या एका गारठलेल्या सकाळी तो चाचणीच्या खोलीत शिरला. खोली काँक्रीटची, खिडकी नसलेली. एका भिंतीत जाड काच, तिच्यामागे केबिन, आणि आवाज जावा म्हणून काचेखाली लोखंडी जाळी. काचेवर दव धरलं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याने हातमोजे काढले आणि आवाज दिला.

"बंद?"

"बंद!"

त्याने पातं ओढलं. पाच-सहा फेरे झाले, खालच्या नळीतून काळं तेल बादलीत पडलं. तो हात पुसत असतानाच अंगणाकडचं दार उघडलं आणि ओटो धापा टाकत आत आला. टोपीवर पाऊस, हातात डबा.

"ट्राम चुकली," तो म्हणाला. "साहेब आले का?"

लुदविकने काचेकडे बोट केलं. "आत कोण आहे?"

"आत कोण असणार? किल्ली माझ्याकडे आहे." ओटोने खिशातून किल्ली काढून दाखवली आणि केबिनचं कुलूप उघडलं.

"आत्ता कुणीतरी मला उत्तर दिलं."

"तुझ्या कानात तेल गेलंय," ओटो म्हणाला. "घरी जाऊन बायकोला सांग, मेणबत्तीने साफ करून देईल."

२

त्या इंजिनाच्या धुराचा वास काही वेगळाच होता. कपड्यांत शिरायचा, केसांत शिरायचा, डब्यातल्या भाकरीतसुद्धा. लुदविकची बायको स्तेफा हिने सरळ नियमच करून टाकला होता की कारखान्याचे कपडे मागच्या पडवीत उतरवायचे आणि साबणाने हात धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. नियम दोघांना लागू होता. एक नवरा आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ जेनेक, जो माळ्यावरच्या खोलीत राहायचा आणि त्याच कारखान्यात फिटर होता. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. स्तेफा त्याला कडेवर घेऊनच संसार शिकली होती.

त्या संध्याकाळी जेनेक ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात घुसला.

"ताई, मी उडणार!"

"उडायच्या आधी चुलीपासून बाजूला हो. कोबी करपतोय."

"चेष्टा नाही. खऱ्या विमानात. सरोवर ओलांडून मिलवॉकीला. उडताना इंजिनाकडे बघायला एक माणूस लागतो आणि हॉल्डनसाहेबांनी मला निवडलंय."

"तुलाच का? बाकीच्यांना अक्कल आहे म्हणून?"

आठ वर्षांची ब्रोनका टेबलावर चढून बसली होती. "मामा, वरून आपलं घर दिसेल?"

"दिसेल की. तुझी आई अंगणात उभी राहून माझ्या नावाने बोटं मोडत असेल, त्यावरून लगेच ओळखेन." त्याने नाक ओढलं. बोलणं संपलं की नाक ओढायची त्याला लहानपणापासूनची सवय होती, आणि स्तेफाने तिच्यापायी किती रट्टे घातले असतील त्याला गणती नाही. "दाजी, तुम्हीच सांगा हिला. इंजिन तुमच्या हाताखालून जातं. चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे," लुदविक म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

जेवणं झाली, जेनेक शीळ घालत वर गेला. भांडी पुसता पुसता स्तेफा थांबली. तिचे डोळे भरले होते, आणि ती सहजी रडणारी बाई नव्हती.

"मिशिगन सरोवर म्हणजे नुसता समुद्र," ती म्हणाली. "नोव्हेंबरात त्यात जहाजं बुडतात. लुदविक, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. त्याला जमिनीवर ठेव."

३

आवाज कुठून आला असेल, ह्यावर लुदविकने बरीच डोकेफोड केली. काँक्रीटची खोली आहे, तेव्हा आपलाच आवाज परत आला असेल. किंवा अंगणातून कुणी दुसऱ्याच कुणाला ओरडलं असेल. किंवा वर्षानुवर्षं रोज ऐकलेलं उत्तर कानाने आपणहून भरून घेतलं असेल, जसं घड्याळ बंद पडलं तरी काही वेळ टिकटिक ऐकू येते. हे तिसरं कारण त्याला सगळ्यांत पटलं.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून जेवणाच्या सुटीत तो एकटाच चाचणीच्या खोलीत आला. बाहेर ऊन पडलं होतं. उघड्या दारातून त्याला अंगणातली सगळी मंडळी दिसत होती. भिंतीला पाठी टेकून डबे उघडलेले, ओटोचे लांब पाय सगळ्यांच्या पुढे पसरलेले. जेनेक तर शहरातच नव्हता. विमानावर इंजिन चढवायची तयारी करायला तो आठवडाभर बाहेरच्या मैदानावर गेला होता.

लुदविक खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "बंद?"

काही नाही. घुमलंसुद्धा नाही, त्या जाड भिंती आवाज पिऊन टाकायच्या. त्याने टाळी वाजवून पाहिली. खोकून पाहिलं. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. चांगला बाप्या माणूस, आणि रिकाम्या खोलीत टाळ्या वाजवतोय. जाता जाता त्याने सवयीने पात्यावर हात ठेवला, आणि हात ठेवल्यावर सवयीनेच, अगदी हळू, पुटपुटला.

"बंद?"

"बंद, दाजी!"

आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

जगात त्याला दाजी म्हणणारा एकच माणूस होता. कारखान्यात तर ही घरची पोलिश हाक कुणाला ठाऊकही नव्हती. पातं तसंच सोडून लुदविक केबिनकडे गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. ओटोचा स्वेटर खिळ्याला, तेलाची बुधली, दाबाची घड्याळं. आणि खुर्ची. ओटो लांब पायांचा, तो खुर्ची कायम मागच्या भिंतीला टेकवून बसायचा. आता ती पुढे ओढलेली होती, जाळीला अगदी चिकटून, बुटक्या माणसाला बोलायला सोयीची पडेल अशी.

लुदविकने ती मागे ढकलली. तिची लाकडी चाकं करकरली. बाहेर अंगणात ओटो कसल्यातरी विनोदावर हसत होता.

४

एकदा मनाने घेतलं की माणसाला सगळं लख्ख दिसायला लागतं. लुदविकलाही दिसलं. जेनेक विमानातून जाणार, सरोवरावर जाणार, आणि हा आवाज म्हणजे मागे राहणारं त्याचं काहीतरी आहे, जे आधीच येऊन पोचलंय. ह्याला शहाणपण म्हणा की खुळेपण. त्याला वाटली ती भीती मात्र खरी होती, आणि ती पोटात घेऊन गप्प बसणं त्याला जमेना.

दुसऱ्या दिवशी तो हॉल्डनसाहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, जेनेकला पाठवू नका."

"का? इंजिनात काही आहे?"

"इंजिन उत्तम आहे."

"मग?"

खरं सांगायची सोय नव्हती. लुदविकने बुटांकडे पाहिलं. "पितो तो. नदीपलीकडून, कॅनडातून चोरून येते ना, ती दारू. कुणाला कळू देत नाही."

हॉल्डनसाहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिले. "तुझा मेहुणा ना तो?"

"म्हणून तर सांगतोय."

जेनेकच्या जागी ओटोचं नाव लागलं. जेनेकला कारण कुणी सांगितलं नाही. तो घरी आला आणि त्याने पडवीचं दार इतक्या जोरात आपटलं की चौकट हलली. "कुणीतरी माझ्या नावाने कंड्या पिकवल्यात, दाजी! सापडू दे नुसता!" स्तेफाने त्याच्या ताटात मुद्दाम मोठं सॉसेज वाढलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की लुदविककडे इतक्या वर्षांत कुणी असं पाहिलं नव्हतं. त्या नजरेसाठी त्याने आणखी दहा खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या.

उड्डाणाच्या दिवशी वारा सुटला होता. लुदविक दिवसभर कानांत प्राण आणून बसला. दुपारी तार आली की विमान सुखरूप उतरलं, इंजिनाने कुरकुरसुद्धा केली नाही. तिसऱ्या दिवशी ओटो परतला तो काखेत चीजचा भलाथोरला गोळा मारून, आणि अशा थाटात, जणू अमेरिका त्यानेच शोधून काढली. सगळ्यांना चीज वाटलं. लुदविकनेही खाल्लं. त्याला रडू येईलसं वाटलं, इतकं त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

ओटोवर साहेब खूश झाले आणि त्याला विमानाबरोबरच कायमचं मैदानावर धाडलं. मग त्यांनी लुदविकला बोलावलं.

"केबिनमध्ये माणूस लागेल. तुझ्या मेहुण्याला बसव."

"जेनेकला? त्याला फिटरच राहू द्या ना साहेब."

"पितो म्हणालास ना तू? मग काचेपलीकडे तुझ्या नजरेसमोर राहू दे. त्याच्याच भल्यासाठी."

५

पहिल्या सकाळी लुदविक पंख्यापाशी आला तेव्हा काच स्वच्छ पुसलेली होती. जेनेक खुर्ची पुढे ओढून बसला होता. त्याचे पाय आखूड, त्याला जाळी लांब पडायची. राग मावळला होता. रुसवा त्याला दोन दिवसांच्या वर कधी पेलवायचाच नाही.

"बंद?" लुदविकने विचारलं.

"बंद, दाजी!" आणि त्याने नाक ओढलं.

शब्द तेच, सूरही तोच, जाळीतून येताना होणारी ती किंचित खरखरही तीच. लुदविकचे हात पात्यावरून खाली आले.

"काय झालं?" जेनेक काचेवर टकटक करत होता. "दाजी? भूत पाहिलंत की काय?"

लुदविक केबिनच्या दारात गेला. "जेनेक, तू उत्तर द्यायचं नाहीस."

"म्हणजे? तुम्ही विचारायचं आणि मी गप्प बसायचं?"

"मी विचारणारही नाही. ह्या इंजिनाला बटण नाही. उगाच कशाला ओरडायचं?"

"सगळ्या कारखान्याने तुम्हाला हेच सांगितलं, तेव्हा ऐकलं नाहीत!" जेनेक हसला. "मग मी काय म्हणू? आमेन?"

"काही म्हणू नकोस. दोन बोटं काचेला लाव. ती दिसली की मी हात घालेन."

"दोन बोटं," जेनेक म्हणाला आणि त्याने पाद्र्यासारखा आशीर्वाद देऊन दाखवला.

असे कित्येक आठवडे गेले. नाताळ झाला, बर्फ पडलं, ब्रोनकाला गोवर येऊन गेला. रोज सकाळी काचेवर दोन बोटं टेकायची आणि लुदविक मुकाट्याने पंखा ओढायचा. हळूहळू तो स्वतःची समजूत घालू लागला. ऐकलं ते काय वाईट होतं? एक माणूस खुर्चीत बसून, हसत, उत्तर देतोय. त्यात मरण कुठे होतं? मरण आपण आपल्या पदरचं घातलं. आणि आता तर तो जमिनीवर आहे, चार हातांवर, काचेच्या आड. ह्याहून सुरक्षित जागा अख्ख्या डेट्रॉईटमध्ये नसेल.

पण विचारायची हिंमत मात्र त्याने पुन्हा केली नाही.

६

फेब्रुवारीतली दुपार होती. इंजिन बराच वेळ पळवून नुकतंच थांबवलं होतं. सिलिंडर अजून तापलेले, खोलीत तो वास कोंदलेला. वरच्या सिलिंडरची झडप तपासायची म्हणून साहेबांनी पंखा थोडा पुढे फिरवून ठेवायला सांगितलं होतं. गरम इंजिनाचं काही सांगता येत नाही. नळ्यांत थेंबभर डिझेल राहिलेलं असतं, आणि दाब बसला तर ते ठिणगीशिवायच पेटायचं. म्हणून पंखा फिरवणाऱ्याने बाजूला उभं राहून ओढायचा आणि पंख्यासमोर कुणी यायचं नाही, हा नियम. जेनेकला तो तोंडपाठ होता. नव्या पोरांना तो स्वतः शिकवायचा.

लुदविक बाजूला उभा राहिला. काचेवर दोन बोटं होती. त्याने पातं धरलं आणि ओढायला सुरुवात केली. तोंडातून शब्दही काढला नव्हता.

"बंद, दाजी!"

लुदविकने मान वर केली. काचेपलीकडे जेनेकचं तोंड मिटलेलं होतं. बोटं काचेवर तशीच होती. पण चेहरा पार उतरला होता. त्यानेही ऐकलं होतं. स्वतःचाच आवाज, स्वतःच्याच कानाशी.

तो हळूच बाजूला वळला, खुर्चीशेजारी बघत. मग उठला. केबिनचं दार उघडलं आणि जेनेक बाहेर आला तो पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत. नजर केबिनच्या आत खिळलेली. आपण कुठे चाललोय ह्याचं त्याला भान नव्हतं.

"जेनेक! तिथेच थांब!"

लुदविकचे हात जड पात्यावर होते, आणि पातं आता दाबाच्या टोकाशी आलं होतं. अशा वेळी ते मागे ओढून धरता येत नाही, ते आपल्याच वजनाने पुढे जातं. त्याने सगळा जीव लावला. त्या एका क्षणात, मेहुण्याच्या खांद्यावरून, त्याला काच दिसली. जेनेक केबिनबाहेर उभा होता. आणि काचेवर आतल्या बाजूने दोन बोटं टेकलेली होती.

इंजिन एकदाच, एकाच सिलिंडरवर, ठो करून उठलं.

७

"शेवटी काही बोलला का तो?" स्तेफाने विचारलं. दफन होऊन आठवडा झाला होता. पडवीत जेनेकचा कोट अजून खिळ्याला होता आणि ती तो धुऊ देत नव्हती.

"'बंद, दाजी' म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

मग ती म्हणाली, "तू तरी काय करणार होतास? जमिनीवर ठेव असं मी म्हणाले होते, ते तू केलंस." लुदविक पडवीत जाऊन उभा राहिला आणि कोटात तोंड खुपसून रडला.

काम सुटलं नाही, सोडून चालण्यासारखं नव्हतं. निम्मं शहर बेकार होतं. केबिनमध्ये डूली नावाचा आयरिश माणूस आला. दिवसभर शीळ घालायचा आणि जुन्या रीतीवर त्याचा भारी विश्वास होता. ओरडल्याशिवाय पात्याला हात लावू द्यायचा नाही. लुदविकला त्याचं बरंच वाटलं. डूलीचं "बंद!" हे डूलीचंच असायचं, घोगरं, तंबाखूने भरलेलं.

वसंतात एके सकाळी लुदविक पंख्यापाशी उभा राहिला. काचेवर दव होतं. डूलीची शीळ थांबलेली त्याला कळली नाही. त्याने दोन्ही हात पात्यावर ठेवले आणि विचारलं.

"बंद?"

"बंद, बाबा!"

बाईचा आवाज होता. मोठ्या, जाणत्या मुलीचा, हसरा. त्या इमारतीत एकही बाई नव्हती. तो आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तरी 'बाबा'मधला पहिला 'बा' लांबवायची ती तऱ्हा तो रोज सकाळी ऐकत होता, शाळेचं दप्तर ब्रोनकाच्या पाठीवर अडकवताना.

डूली हातमोजे घेऊन अंगणातून आला तेव्हा लुदविक फाटकाकडे निघालाही होता. त्याने पगाराचीही वाट पाहिली नाही.

"अरे, चाललास कुठे?" डूलीने हाक मारली.

"इंजिनांपासून लांब," लुदविक म्हणाला.

८

जवळच्याच हॅमट्रॅमक गावातल्या एका पोलिश बेकरीत त्याने दहा वर्षं पीठ मळलं. घरात इंजिनाचं नाव काढायचं नाही, हा त्याचा नियम. ब्रोनका वाढली. तिला मामा आठवायचा तो फक्त पाद्र्यासारखी दोन बोटं करून दाखवणारा. कारखान्याने ते डिझेलचं प्रकरण केव्हाच गुंडाळलं होतं. कुणी म्हणायचं मंदीमुळे, कुणी म्हणायचं त्या वासामुळे. लुदविक ज्या दिवशी हे ऐकून आला त्या दिवशी कित्येक वर्षांनी गाढ झोपला.

मग युद्ध आलं आणि शहरातली झाडून सगळी यंत्रं पुन्हा धडधडू लागली.

एका संध्याकाळी तो टेबलाशी बसला होता. स्तेफा मोजे रफू करत होती. बाहेरचं दार उघडलं, आणि ब्रोनका दिसायच्या आधी तिच्याबरोबर आलेला वास घरात शिरला. लुदविकची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली. स्तेफाच्या हातातली सुई थांबली.

"बाबा, नोकरी लागली!" ब्रोनकाचे गाल लाल झाले होते. "आता बायकांनाही घेतायत. रणगाड्यांच्या इंजिनाचा कारखाना. आज चाचणीची खोली दाखवली. इंजिन कसं आहे माहितीये? गोल! नऊ सिलिंडर. आणि पेट्रोल नाही, डिझेल."

"कपडे पडवीत उतरव," स्तेफा म्हणाली.

"आणि ऐका तरी. त्यांना जुनी माहितगार माणसं हवी आहेत. मी तुमचं नाव देऊन आले. साहेब म्हणाला, उद्याच आणा. तुम्ही इंजिनाजवळ, मी काचेमागे. काय मजा येईल!"

लुदविकच्या तोंडापर्यंत 'तू जायचं नाहीस' हे शब्द आले होते. ते त्याने गिळले. मागच्या वेळी एकाला जाऊ दिलं नव्हतं, आणि त्या अडवण्यानेच त्याला त्या खुर्चीत नेऊन बसवलं होतं. ह्या खेपेला हिला अडवलं तर ती कुठे जाऊन बसेल? जाऊ दिलं तर? त्याने घाईघाईने हिशेब मांडला. तो आवाज 'बाबा' म्हणाला होता. म्हणजे पात्यावर हात माझे हवेत. मी गेलोच नाही, मी आयुष्यात पुन्हा इंजिनाला हात लावला नाही, तर त्या उत्तराला प्रश्नच उरत नाही. मग ते येणार कुठे?

"मी येणार नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. तुला जायचं तर जा."

"बरं," ब्रोनका हिरमुसली. मग आईच्या गालावर ओठ टेकून हात धुवायला गेली. स्वयंपाकघरात नळ वाहू लागला, किटली गॅसवर ठेवल्याचा आवाज झाला. चहा झाला असावा, कपांची किणकिण ऐकू आली. सगळं रोजच्यासारखं होतं. लुदविकचा जीव हळूहळू भांड्यात पडला. त्याने हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहिला. बरोबर होता.

झोपण्याआधी घरातलं सगळं नीट आहे ना, हे बघणाऱ्या कुठल्याही बापासारखं, ध्यानीमनी नसताना, त्याने विचारलं, "ब्रोनका, गॅस बंद?"

"बंद, बाबा!"

पहिला 'बा' लांबवलेला. हसरा, मोठ्या मुलीचा. दहा वर्षांपूर्वी जाळीतून आला होता तसाच. लहानपणचा चिरका गळा जाऊन तिचा आवाज हा असा केव्हा झाला, रोज ऐकत असूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

माळ्याच्या जिन्यावर पावलं वाजली. ब्रोनका खाली उतरत होती, हातात सुके कपडे.

"हाक मारलीत का बाबा?" तिने विचारलं. "मी वर होते."

स्तेफाने मोजे मांडीवर ठेवले आणि नवऱ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दिवा होता. लुदविक उठला आणि मुलीच्या आणि त्या दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"तू इथेच थांब," तो म्हणाला. "माझ्या मागे."